दुर्मिळ प्रतिकृतीचे मोल : एका मोटारीच्या निमित्ताने

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

वस्तूचे मोल कशात असते, हा अर्थशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली पाणी आणि हिरा यांचे उदाहरण देऊन तो मांडला. पाण्यावाचून माणूस जगत नाही, पण पाण्याच्या बदल्यात बाजारात फारसे काही मिळत नाही; हिऱ्याचा उपयोग नगण्य, पण त्याच्या बदल्यात वाटेल ते मिळते. जवळजवळ शंभर वर्षांनी, १८७१ साली, ऑस्ट्रियात मेंगर आणि इंग्लंडमध्ये जेव्हन्स यांनी सीमान्त उपयोगितेच्या आधारे या कोड्याची उकल केली. वर्गात आपण हे सर्व शिकतो आणि परीक्षेपुरते एक सूत्र पाठ करतो : जे दुर्मिळ, ते महाग.

हे सूत्र खोटे नाही, पण अपुरे आहे. ते कोठे अपुरे पडते हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात एक काहीसे वेगळे उदाहरण घेतले आहे, ते म्हणजे शर्यतीच्या मोटारीच्या दुर्मिळ प्रतिकृतीचे. आपल्यापैकी बहुतेकांनी अशी मोटार डोळ्यांनी पाहिलेली नाही आणि पाहण्याचा योग येईल असेही नाही. मग तिचा अभ्यास कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, येथे दोन वस्तू दिसायला सारख्या असतात, धावायलाही जवळजवळ सारख्या असतात, आणि तरी एकीची किंमत दुसरीच्या वीसपट, तीसपट असू शकते. रूप आणि उपयोग ही दोन कारणे आपोआप बाजूला पडतात आणि मोलाची उरलेली कारणे स्वच्छ दिसू लागतात. प्रयोगशाळेत एखादे मूलद्रव्य वेगळे काढावे, तसाच हा प्रकार आहे.

मूळ मोटार

उदाहरणासाठी 'कोब्रा' ही मोटार घेऊ, कारण जगात जिच्या सर्वाधिक प्रतिकृती झाल्या अशा मोटारींत तिची गणना होते.

इंग्लंडमधील थेम्स डिटन येथे 'एसी' नावाची एक जुनी, लहानशी मोटार कंपनी होती. तिची 'एस' नावाची हलकी, दोन माणसांची, उघडी गाडी १९५३ पासून बाजारात होती. या गाडीला ब्रिस्टल कंपनीचे इंजिन बसविले जाई. ते मिळणे १९६१ च्या सुमारास बंद होण्याच्या मार्गावर आले. त्याच वेळी टेक्सासचा कॅरोल शेल्बी हा शर्यतपटू नव्या उद्योगाच्या शोधात होता. त्याने १९५९ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती, परंतु हृदयविकारामुळे त्याला शर्यती सोडाव्या लागल्या होत्या. इंग्लंडची हलकी गाडी आणि अमेरिकेतील फोर्ड कंपनीचे आठ सिलिंडरचे दणकट इंजिन यांची सांगड घालण्याची कल्पना त्याची. इंजिनाविना गाड्या इंग्लंडहून लॉस एंजेलिसला यायच्या आणि तेथे शेल्बीच्या कार्यशाळेत त्यांना फोर्डचे इंजिन बसवले जायचे. पहिली गाडी १९६२ च्या आरंभी सिद्ध झाली. तिचा क्रमांक सीएसएक्स २०००.

या पहिल्या गाडीची एक गंमत सांगितली जाते. शेल्बीजवळ तेव्हा दाखवायला एकच गाडी होती. प्रत्येक मासिकाच्या परीक्षकाला ती देण्यापूर्वी तो तिला नवा रंग देई, म्हणजे वाचकांना वाटावे की गाड्या धडाधड तयार होत आहेत. पुढे दुर्मिळतेपायी जिचे मोल आकाशाला भिडणार होते, तिच्यावर आरंभी 'मी दुर्मिळ नाही' असे सोंग आणण्याची पाळी आली! दुर्मिळता हाच गुण असता, तर शेल्बीने तो लपविला नसता. कोणाला हवीच नसलेली वस्तू एकुलती एक असली, तरी तिला कोणी विचारीत नाही.

१९६२ ते १९६७ या काळात मिळून सुमारे एक हजार कोब्रा तयार झाल्या. आरंभी त्यांत ४.२ लिटरचे इंजिन होते, मग ४.७ लिटरचे आले आणि १९६५ पासून मजबूत सांगाड्यावर ७ लिटरचे इंजिन बसू लागले. घन इंचांच्या मापाने यांना अनुक्रमे २६०, २८९ आणि ४२७ म्हणतात. १९६५ साली कोब्राच्याच बंदिस्त 'डेटोना' रूपाने जागतिक ग्रँड टूरिंग स्पर्धेत विजेतेपद मिळविले आणि फेरारीचे वर्चस्व मोडले. कोब्रा नवी असताना तिची किंमत सुमारे ६,००० डॉलर होती. पहिली गाडी, सीएसएक्स २०००, ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. ही एक गाडी अपवादात्मक म्हणून सोडून दिली, तरी इतर मूळ कोब्राही आता दहा लाख डॉलरच्या आसपास आणि त्याहूनही वर जातात.

प्रतिकृतींचे कुळ

ज्या वस्तूची मागणी मोठी आणि पुरवठा कायमचा गोठलेला, तिच्या प्रतिकृती निघणे अटळ असते. मात्र सर्व प्रतिकृतींना एकाच मापाने मोजणे हा पारख करणाऱ्याचा पहिला दोष होय. त्यांचे ढोबळ मानाने चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार संच-गाड्यांचा. कारखाना सांगाडा, बॉडी व काही सुटे भाग पुरवितो. गिऱ्हाईक घरी किंवा गॅरेजमध्ये गाडी जुळवितो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९५ साली सुरू झालेली 'फॅक्टरी फाइव्ह' ही कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे. इंजिन, गिअरबॉक्स वगैरे भाग बहुधा एखाद्या जुन्या फोर्ड मस्टँगमधून काढून घेतात. दुसरा प्रकार कारखान्यात पूर्ण बांधलेल्या प्रतिकृतींचा. दक्षिण आफ्रिकेत बनणाऱ्या 'सुपरफॉर्मन्स'च्या गाड्या या गटात येतात. तिसरा प्रकार जवळजवळ मुळाबरहुकूम घडविलेल्या गाड्यांचा. यूटा राज्यातील 'कर्कहॅम' या संस्थेने पोलंडमध्ये, जेथे एकेकाळी लढाऊ विमाने बनत, तेथील कारागिरांच्या हातून कोब्राच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या घडवून घेतल्या. विमानाचा पत्रा ठोकणारे हात मोटारीच्या पत्र्यावर चालू लागले! चौथा प्रकार सर्वांत नाजूक. मूळ उत्पादकानेच अनेक वर्षांनी पुन्हा बनविलेल्या या गाड्या. शेल्बीने १९९० नंतरच्या दशकात सीएसएक्स ४००० पासून क्रमांक देऊन अशी मालिका काढली. तिला मूळ म्हणता येत नाही आणि परक्याची नक्कलही म्हणता येत नाही.

या चारांबाहेर एक पाचवी जात आहे, पण ती प्रतिकृतीची नव्हे. जी गाडी स्वतःला मूळ म्हणवून घेते ती बनावट. प्रतिकृती आणि बनावट यांतील भेद पत्र्यात नसतो, विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दात असतो. तीच गाडी सकाळी 'प्रतिकृती' म्हणून विकली तर व्यवहार, आणि संध्याकाळी 'मूळ' म्हणून विकली तर फसवणूक.

दुर्मिळतेचे दोन अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एखाद्या प्रतिकृतीचा विक्रेता म्हणतो, "ही फार दुर्मिळ आहे. अशा फक्त बाराच झाल्या." यावरून गिऱ्हाइकाने काय समजावे?

बाराच का झाल्या, हे आधी विचारले पाहिजे. दोन कारणे संभवतात. एक, बनविणारा इतका काटेकोर होता की एकेका गाडीला त्याला वर्ष-वर्ष लागे आणि बाराहून अधिक त्याच्या हातून होणे शक्य नव्हते. दुसरे, गाडी इतकी सुमार होती की तेराव्या गाडीला गिऱ्हाईकच मिळाले नाही आणि धंदा बुडाला. दोन्हींत आकडा बाराच. पहिलीची दुर्मिळता तिचे मोल वाढविते. दुसरीची ते घटविते, कारण बुडालेल्या कारखान्याचे सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्ती जाणणारा मिस्त्री सापडत नाही आणि पुढे विकायची झाली तर तुलनेला दुसरी गाडी नसल्याने घेणाराही बिचकतो. दुर्मिळता ही गुणकासारखी आहे. वस्तूत मुळात काही असेल तर ती ते वाढविते. शून्याला कितीही मोठ्या संख्येने गुणले तरी उत्तर शून्यच येते.

कोब्राच्या बाबतीत तर दुर्मिळतेने आणखी एक खेळ केला आहे. ७ लिटरच्या शर्यतीच्या गाडीला स्पर्धेची मान्यता मिळण्यासाठी शंभर गाड्या तयार असणे आवश्यक होते. तेवढ्या झाल्या नाहीत, म्हणून उरलेल्या गाड्यांना थोडे फेरफार करून रस्त्यावरच्या गाड्या म्हणून विकले गेले. या 'एस/सी' जातीच्या मूळ गाड्या तीसएकच आहेत. परंतु तिचेच रूप लोकांच्या मनात भरले आणि आजच्या बहुसंख्य प्रतिकृती तिच्याच घाटाच्या असतात. याउलट आरंभीच्या बारीक चणीच्या, लहान इंजिनाच्या कोब्राची चांगली प्रतिकृती क्वचित आढळते. म्हणजे मुळात जे सर्वांत विरळ ते प्रतिकृतींत सर्वांत सुलभ झाले आणि मुळात जे सामान्य ते प्रतिकृतींत दुर्मिळ झाले. प्रतिकृतीची दुर्मिळता मोजायची ती प्रतिकृतींच्याच बाजारात. मूळ गाडीची दुर्मिळता तिच्याकडे वारशाने येत नाही.

पारख कशी करावी

पारखीचे मुद्दे क्रमाने देतो.

१. कर्ता. कोणी बनविली, कोणत्या साली, आणि तो उत्पादक आज चालू आहे काय? नाव असलेल्या उत्पादकाच्या गाडीला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून कारखान्याकडे विचारणा करता येते.

२. बॉडी. मूळ कोब्राची बॉडी हाताने ठोकलेल्या ॲल्युमिनियमची होती. बहुतेक प्रतिकृतींची फायबर-ग्लासची असते. लोहचुंबक लावून हा भेद कळत नाही, कारण तो दोहोंनाही चिकटत नाही. चाकाच्या वरच्या पोकळीत आतून हात फिरवावा. फायबर-ग्लासची आतली बाजू खरबरीत लागते आणि तंतूंची वीण दिसते. बाहेरून दारांच्या व बॉनेटच्या फटी सर्वत्र सारख्या आहेत का, आणि रंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत का, हे पाहावे. ॲल्युमिनियमची प्रतिकृती फायबर-ग्लासच्या प्रतिकृतीपेक्षा पुष्कळच महाग पडते, कारण तीत यंत्रापेक्षा माणसाचे तास अधिक असतात.

३. सांगाडा. मूळ गाडीचा कणा दोन जाड गोल नळ्यांचा होता. अनेक प्रतिकृतींत त्याऐवजी चौकोनी नळ्या असतात. चौकोनी नळी म्हणजे वाईट गाडी असे नव्हे. कित्येकदा तो सांगाडा मुळापेक्षा ताठ व सुरक्षित असतो. पण मुळाशी इमान हा ज्या गाडीचा दावा आहे, तिच्या बाबतीत हा फरक किंमतीत मोजला जातो. वेल्डिंगचे सांधे मात्र कोणत्याही गाडीत स्वच्छ व सलग हवेत.

४. इंजिन. येथे आकड्यावर विश्वसू नये. '४२७' हा आकडा दोन निरनिराळ्या इंजिनांना लावता येतो. एक म्हणजे त्या काळी फोर्डने शर्यतीसाठी बनविलेले खरे मोठे इंजिन, जे आता दुर्मिळ व महाग आहे. दुसरे म्हणजे फोर्डच्याच ३५१ घन इंचांच्या पुष्कळ बनलेल्या इंजिनातील दट्ट्याची धाव वाढवून तयार केलेले इंजिन. क्षमता दोघांची सारखीच भरते, पण ओतीव ठोकळा वेगळा आणि किंमतही वेगळी. ठोकळ्यावरचा ओतकामाचा क्रमांक वाचला की वाद मिटतो. गंमत अशी की मूळ मोठ्या कोब्रांपैकीही कित्येकींत ४२७ ऐवजी स्वस्तातले ४२८ घन इंचांचे इंजिन बसविलेले होते!

५. कागदपत्रे. बांधणीची पावती, सुट्या भागांची बिले, बांधकामाच्या वेळची छायाचित्रे, नोंदणीचे पुस्तक. अमेरिकेच्या काही राज्यांत प्रतिकृतीची नोंदणी ती ज्या गाडीसारखी दिसते तिच्या सालाने करता येत असे. त्यामुळे १९९५ साली बांधलेल्या गाडीच्या कागदावर १९६५ असे साल आढळू शकते. असा सरकारी कागद खरा असूनही भाबड्या गिऱ्हाइकाला फसवू शकतो. ब्रिटनमध्ये याच्या उलट शिस्त आहे. ज्या गाडीचे वय वा ओळख निश्चित होत नाही तिला 'क्यू' अक्षराचा नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो पाहताच घेणारा भाव पाडून मागतो.

६. नोंदवही. १९७५ साली स्थापन झालेल्या 'शेल्बी अमेरिकन ऑटोमोबाईल क्लब'ने मूळ कोब्रांची क्रमांकवार नोंदवही सिद्ध केली आहे. कोणती गाडी कोणाला विकली, कोठे शर्यत धावली, कोठे आपटली, याचा वृत्तान्त तीत मिळतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत असलेली गाडी या नोंदवहीसमोर टिकत नाही.

७. स्थिती आणि वापर. फारशी न चाललेली प्रतिकृती चांगलीच असते असे नाही. घरी जुळविलेली गाडी हजार-दोन हजार मैल धावली की तिच्यातील उणिवा बाहेर पडतात आणि दुरुस्त होतात. मुळीच न धावलेली गाडी ही न सोडविलेल्या गणितासारखी असते.

खर्च म्हणजे किंमत नव्हे

एवढी तपासणी झाल्यावर आकडा कसा ठरवायचा? मूल्यमापनाच्या दोन पद्धती येथे उपयोगी पडतात. एक खर्चाची, म्हणजे अशीच गाडी आज नव्याने बांधायची तर काय लागेल. दुसरी तुलनेची, म्हणजे अशाच गाड्या नुकत्याच प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या. मागितलेली किंमत नव्हे, मिळालेली.

केवळ उदाहरणासाठी काही आकडे कल्पू. समजा, संच २५,००० डॉलर, इंजिन व गिअरबॉक्स १५,०००, रंगकाम ८,००० आणि किरकोळ भाग ७,०००, मिळून ५५,००० डॉलर झाले. शिवाय मालकाचे स्वतःचे ५०० तासांचे श्रम. पण तशा गाड्या बाजारात ४५,००० ला विकल्या जात असतील, तर गाडीची किंमत ४५,००० च. दहा हजार डॉलर आणि पाचशे तास कोठे गेले? श्रमावरून मूल्य ठरते असे मानणाऱ्या जुन्या विचाराला येथे अडखळावे लागते. घेणाऱ्याला त्या पाचशे तासांची खात्री नसते. ते तास कुशल हाताचे होते की नवशिक्याचे, हे त्याला दिसत नाही. म्हणून तो त्यांचे पैसे देत नाही.

मात्र त्याच मालकाने प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र, प्रत्येक बिल, प्रत्येक बोल्ट किती ताणला याची नोंद वहीत ठेवली असेल, तर त्याच गाडीला अधिक किंमत येते. गाडी तीच, श्रम तेच. वाढले ते फक्त ज्ञान. ही गोष्ट सामान्य दिसली तरी महत्त्वाची आहे, कारण येथेच आपल्याला त्या अपुऱ्या सूत्राचा उरलेला भाग सापडतो.

ॲकरलॉफचा सिद्धान्त

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ याने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला बोलीभाषेत 'लेमन' म्हणतात, म्हणून तो 'लेमन्सचा बाजार' या नावाने गाजला. पुढे २००१ साली त्याला स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा मुद्दा असा : गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. समजा, बाजारात निम्म्या गाड्या ६०,००० च्या योग्यतेच्या आणि निम्म्या २०,००० च्या आहेत, पण बाहेरून त्या ओळखू येत नाहीत. शहाणा गिऱ्हाईक सरासरी धरून ४०,००० च देऊ करील. या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. तो बाजारातून निघून जातो. मग उरतात त्या वाईटच. हे गिऱ्हाइकाला कळले की भाव आणखी पडतो. अशा रीतीने अज्ञानामुळे खऱ्या मालाचा बाजारच मोडतो.

प्रतिकृतींचा बाजार हे या सिद्धान्ताचे चालतेबोलते उदाहरण आहे. तेथे रूप सारखे आणि आतला माल भिन्न. हा बाजार मोडला नाही, कारण क्रमांक, नोंदवह्या, कारखान्याचे दाखले, बांधणीच्या वह्या यांनी अज्ञानाची दरी काही अंशी बुजविली. म्हणून असे म्हणता येईल की दुर्मिळ प्रतिकृतीच्या किंमतीतील मोठा भाग हा पत्र्याचा किंवा इंजिनाचा नसून पडताळून पाहता येणाऱ्या विश्वासाचा असतो.

ओळख कशात राहते?

येथे एक आक्षेप संभवतो. मूळ गाडीचे भागही झिजतात, बदलतात. सर्व भाग बदलले, तर मूळ गाडीत आणि उत्तम प्रतिकृतीत फरक तो काय? हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात ग्रीकांच्या थीसिअसच्या जहाजाच्या रूपाने येतो. पण लंडनच्या उच्च न्यायालयासमोर तो १९९० साली रोख पैशांच्या रूपात आला.

'ओल्ड नंबर वन' नावाच्या बेंटले मोटारीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात सतत बदल होत गेले. १९३२ साली ती आठ लिटरच्या इंजिनासह ब्रुकलँड्स येथे धावत असताना भीषण अपघात होऊन चालक मरण पावला, आणि त्यानंतर ती बंदिस्त गाडी म्हणून पुन्हा बांधली गेली. अशा या गाडीचा १ कोटी पौंडांचा सौदा ठरला. मग घेणारी कंपनी मागे सरली. तिचे म्हणणे असे की, विजयाच्या वेळची गाडी यात उरलेलीच नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी बारकाईने पुरावा तपासला. तिला आरंभीच्या अर्थाने 'मूळ' म्हणता येणार नाही हे त्यांनी मानले. परंतु ती कधीही नाहीशी झाली नाही, तिचे कधी विसर्जन होऊन नवे निर्माण झाले नाही, एकच आयुष्य अखंड चालत आले, म्हणून ती अस्सल ओल्ड नंबर वनच होय, असा निर्णय त्यांनी दिला. ओळख लोखंडात नव्हती. ती इतिहासाच्या सातत्यात होती आणि ते सातत्य सिद्ध करता येत होते.

ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याने अनेक वर्षे वापरलेली गुणपद्धतीही याच दिशेची आहे. बदललेल्या गाडीने जुना क्रमांक राखायचा तर तिला किमान ८ गुण लागत : सांगाड्याला ५, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला केवळ १. ज्या इंजिनाची सर्वत्र वाहवा होते, त्याला ओळखीच्या हिशेबात सर्वांत कमी गुण! हे पाहिल्यावर उत्तर स्पष्ट होते. मूळ कोब्राचे मोल तिच्या अखंड इतिहासाचे आहे. प्रतिकृतीला तो इतिहास विकत घेता येत नाही. परंतु तिचा स्वतःचा इतिहास तिला निर्माण करता येतो.

नक्कल हा अपराध आहे काय?

फेरारी कंपनीने अमेरिकेत एका उत्पादकावर भरलेल्या खटल्याचा निकाल १९९१ साली वरिष्ठ न्यायालयात लागला. हा उत्पादक फेरारीच्या 'डेटोना स्पायडर' आणि 'टेस्टारोसा' या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या फायबर-ग्लासच्या बॉड्या करीत असे आणि त्या कॉर्व्हेटसारख्या गाडीवर चढविल्या जात. बहुतेक संच सुमारे ८,५०० डॉलरला जात, पूर्ण गाडी सुमारे ५०,००० ला. त्या वेळी खरी डेटोना स्पायडर दहा ते वीस लाख डॉलरला जात होती. घेणाऱ्याला आपण काय घेतो हे पक्के ठाऊक होते, असा बचाव झाला. न्यायालयाने बहुमताने तो फेटाळला. घेणारा फसला नसला तरी रस्त्यावरून पाहणारा फसतो आणि मूळ गाडीचा लौकिक त्यामुळे पातळ होतो, असे त्यांचे म्हणणे पडले. एका न्यायाधीशाने मात्र भिन्न मत नोंदविले.

कायदा सर्वस्वी प्रतिकृतीच्या विरुद्ध आहे असेही नाही. अमेरिकेने २०१५ साली केलेल्या कायद्याने लहान उत्पादकांना, किमान २५ वर्षांपूर्वीच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या प्रतिकृती वर्षाला ३२५ पर्यंत विकण्याची मुभा दिली. तिचे नियम काही वर्षांनी आले. त्यात मूळ रूपाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी आणि आजच्या धूर-नियमांत बसणारे इंजिन या अटी आहेत. म्हणजे नक्कल करा, पण ती नक्कल म्हणून, परवानगीने आणि नोंद करून. पारख करणाऱ्याने आपल्या यादीत म्हणूनच 'परवाना आहे काय' हाही प्रश्न घालावा. परवान्याच्या प्रतिकृतीला पुढेही गिऱ्हाईक मिळण्याची खात्री अधिक असते.

उपसंहार

या विवेचनावरून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, दुर्मिळता हे मोलाचे कारण एकट्याने पुरेसे नाही. तिच्यामागचे कारण पाहिले पाहिजे. दुसरी, खर्च आणि श्रम यांचे रूपांतर किंमतीत व्हायचे तर ते दुसऱ्याला पडताळता आले पाहिजेत. तिसरी, प्रतिकृतीचे सर्वांत मोठे भांडवल म्हणजे तिने स्वतःविषयी खरे सांगणे. मूळ असल्याचा आव आणणारी गाडी उघडी पडली की तिचे मोल साध्या प्रतिकृतीहूनही खाली जाते, कारण मग तिच्या इतर कागदांवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

कोब्रा घेण्याची ऐपत आपल्यात कोणाची नसेल, पण जुना ट्रॅक्टर, जुनी मोटारसायकल किंवा विहिरीवरचा जुना पंप घेताना आपल्या घरची माणसेही ॲकरलॉफच्याच बाजारात उभी असतात. त्या वेळी आयुष्याची पुंजी पणाला लागलेली असते आणि विकणारा 'अशी वस्तू पुन्हा मिळणार नाही' हेच सांगत असतो. अशा वेळी त्याला 'का मिळणार नाही?' एवढे विचारावे आणि कागद पाहायला मागावेत. अर्थशास्त्राच्या अभ्यासाचा याहून रोकडा उपयोग दुसरा कोणता असू शकेल?